फुप्फुस पिकवायचं इंजेक्शन

माझं शिक्षण दुसरीपर्यंत. पोरगा बीएस्सी झालेला, तेलगावात खता-बियाण्याचं दुकान चालवतो. म्हणून घरात अक्कल त्याची, असं ठरलेलं हाय. त्या अकलेचा एक नमुना लिहून ठेवतो.

सुनेचं पहिलं बाळंतपण सिझरनं झालं, दुसरंबी सिझरच करायचं ठरलं. डॉक्टरीणबाईंनी तारीख दिली. पोरगा ती तारीख घेऊन ज्योतिषाकडं गेला आन् दोन आठवडे अलीकडची घेऊन आला. म्हणं त्या घटकेला राजयोग हाय, बाळ आमदार व्हईल.

"आमदार व्हायच्या आधी श्वास घ्यावा लागतो बे," मी म्हणलं.

"आबा, तुमाला काय कळतंय त्यातलं?"

मंग बीडच्या दवाखान्यात मी मुद्दाम संगं गेलतो. बाई शांतपणे म्हणल्या, "पोटात असताना बाळाच्या फुप्फुसात पाणी असतं. दिवस भरायच्या आधी सिझर केलं तर ते नीट निघत नाही, बाळाला धाप लागते. थांबा."

पोरानं मोबाइल पुढं केला. "त्याला इंजेक्शन असतंय की, स्टिरॉइडचं."

"असतं. आईला देतो, बाळाचं फुप्फुस लवकर तयार होतं. पण ते नाइलाज असला तर. नंतर बाळाची साखर उतरू शकते. मुहूर्तासाठी कशाला?"

"तुमी करत नसताल तर दुसरीकडं जाऊ."

माझ्या बांधावर सीताफळं हायेत. डोळे उघडल्याबिगर फळ तोडायचं नसतं. कवळं तोडलं की काळं पडतं. हे बीएस्सीत शिकवत नसतेत वाटतं. सुनेला तर कुणी इचारलंच न्हाई.

दुसरीकडं हाल नकोत म्हणून शेवटी बाईच तयार झाल्या; तिला आधीच भरती करून इंजेक्शनं दिली. मुहूर्तावर सिझर झालं. बाळ कण्हल्यावानी करायला लागलं, बरगड्या आत वढाय लागल्या. उचलून काचेच्या पेटीत ठेवलं, नाकात नळी घातली. आन् आमचं शहाणं बाहेर ज्योतिषाला फोनवर सांगतंय, "वेळ बरोब्बर साधली महाराज!"

मी बाईंना इचारलं, "तुमच्या इंजेक्शनानं काय केलं मंग?"

"दिलं नसतं तर कदाचित याहून जड गेलं असतं, बाबा."

ते मला पटलं. पोराला मात्र सांगितलं न्हाई; त्यानं इंजेक्शनाचंबी पुण्य मुहूर्ताच्या नावावर लावलं असतं.

धाप उतरली, नळी निघाली, बाळ आईजवळ आलं. पोरगा छाती काढून म्हणला, "बघ, मुहूर्त लागला का न्हाई?"

सून त्याच्यापुढं कधी बोलत न्हाई. त्या दिवशी बोलली. "लागला की. पर मला त्याचं रडणं ऐकू आलं न्हाई. तेवढं कुंडलीत लिहायला सांगा."

पोरगा माझ्याकडं बघाय लागला, मी काय सोडवणार हाय का त्याला? मी बाळाच्या छातीकडं बघत बसलो. निवांत वर-खाली व्हत व्हती.