हाकेला ओ

इस्पितळाच्या तळघरातल्या धोबीखान्यात तिला सगळे कडकबाई म्हणत. तिच्या इस्त्रीखालून गेलेल्या कोटाची घडी दिवसभर मोडत नसे, म्हणून ते नाव पडलं. तिची जीभही तशीच आहे असं मुकादम म्हणायचा, पण चार हात लांब उभा राहून. ऐन तरुणपणी नवरा गेला तेव्हा मुलगा कडेवर होता. वाफेत उभं राहून तिनं त्याला वाढवलं, शिकवलं, लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला लावलं, त्याचा संसार थाटून दिला. आणि एके दिवशी कामावर असताना तो वरून पडला. त्याला आणलं ते नेमकं याच इस्पितळात. ती तेव्हा खाली चादरींना इस्त्री करत होती. तिला सांगायला कोणी जिना उतरेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

नात तेव्हा नुकती रांगायला लागली होती.

तोवर सासूसुनेचं फारसं जमत नव्हतं. खिडकी उघडी ठेवण्यावरूनसुद्धा खटके उडायचे. त्यानंतर मात्र दोघी एकाच खोलीत निजू लागल्या, मधे पोर घेऊन. सून चष्म्याच्या दुकानात नोकरीला लागली. दिवस ढकलता ढकलता पोर तुरुतुरु धावू लागली, बोलायला लागली, आणि एका संध्याकाळी भाजी निवडताना सून म्हणाली, "आई, एक सांगू? रागावणार नाही ना?"

"दुकानातला तो काचा घासणारा ना?" कडकबाई मान वर न करता म्हणाली. "रोज पोरीच्या तोंडाला लिमलेटच्या गोळीचा वास येतो. मी काय आंधळी आहे, का माझं नाक गेलंय?"

"तुम्ही नको म्हणालात तर मी…"

"मी कोण नको म्हणणारी? अख्खं आयुष्य पडलंय तुझं." एवढं बोलून ती उठली, न्हाणीघरात गेली आणि नळ मोठा सोडून बराच वेळ आतच बसली.

त्याला दुसऱ्या शहरात चांगली नोकरी मिळाली होती. लग्न करून तिघं तिकडेच जाणार होती. जाण्याआधीच्या रविवारी तो दारात येऊन उभा राहिला. अंगानं किडकिडीत, बोलताना अडखळणारा. "काकू, जंगलातले धबधबे बघायला जाऊ या. सोपी वाट आहे. लोक बाबागाड्या घेऊन जातात."

"तुम्ही जा. माझं काय काम मधे?"

पण नातीनं तिच्या चपला आणून पायाशी ठेवल्या. मग काय करणार!

वाट खरंच सोपी होती. दोन्ही बाजूंना उंच झाडं, चढाला लाकडी कठडे, मधूनमधून बसायला बाकडी. पोरंबाळं, म्हातारीकोतारी, सगळी रमतगमत चालली होती. पहिला धबधबा अगदीच चिमुकला. "हा तर आपला नळच!" नात म्हणाली आणि सगळे हसले. कडकबाईलाही हसू आलं. हसता हसता तिच्या मनात आलं, आपल्या लेकाला आपण असं कधी कुठे नेलंच नाही. रविवारीसुद्धा जादा पाळी घ्यायचो. तिचं पाऊल जड झालं. सून थांबली, तिनं सासूचा हात धरला आणि पुढची वाट दोघी तशाच चालल्या.

मोठ्या धबधब्यापाशी पाण्याचा नुसता घोष चालला होता. सगळ्यांच्या तोंडावर तुषार उडत होते. नात कडेच्या उथळ पाण्यात उतरली आणि शेवाळावरून तिचा पाय सटकला. पाणी घोटाभरच, पण ती सपशेल आपटली, आणि घाबरून जिवाच्या आकांतानं ओरडली, "बाबा!"

त्या घरात हा शब्द तिला कोणी शिकवला नव्हता. सूनबाई जागच्या जागी थिजली. तो चष्मेवाला पाण्याकडे झेपावला खरा, पण दोन पावलांवर अडला आणि त्यानं आधी कडकबाईकडे पाहिलं. चोरी पकडली गेल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता. "काकू, मी नाही हो शिकवलं," तो पुटपुटला. "मी तर काकाच म्हणायला…"

ही हाक कडकबाईच्या लेकाची होती. ती ऐकायला तो राहिला नव्हता. ती हाक आता भलत्याच माणसापाशी आली होती, आणि तो भला माणूस भिऊन तिच्या तोंडाकडे बघत होता.

"माझ्याकडे काय बघतोस?" ती एकदम कडाडली. "पोरीनं हाक मारलीय. ओ दे आधी!"

"ओ, ओ… आलो गं," म्हणत तो बुटांसकट पाण्यात शिरला. पोर त्याच्या गळ्याला बिलगली. कडकबाई पाठ फिरवून धबधब्याकडे तोंड करून उभी राहिली. तिथं सगळ्यांचेच चेहरे ओले होते. तिचा कुणाला वेगळा दिसला नाही.

पुढच्या आठवड्यात ती तिघं गेली. खोली एकाएकी मोठी वाटू लागली. कडकबाई पुन्हा जादा पाळ्या घेऊ लागली. मुकादमाला आता ती बोलत नसे, त्यामुळे त्याचीच पंचाईत झाली. सुरुवातीला रोज येणारे फोन हळूहळू रविवारावर आले. फोनवर नात "बरी आहेस का?" एवढंच विचारायची आणि खेळायला पळायची.

दोन वर्षांनी सुट्टीत ती राहायला आली, पुढचे दात पडलेली. दुपारी आजीशेजारी आडवी झाली आणि भिंतीवरच्या फोटोकडे बघत म्हणाली, "आजी, ते माझे पहिले बाबा ना? आई सांगते. मला आठवतच नाहीत."

"कसे आठवतील? एवढीशी होतीस."

"तुला आठवतात?"

मग कडकबाई सांगू लागली. तो लहानपणी शीळ घालायला शिकला आणि शेजाऱ्यांना हैराण करून सोडलं, तापात तिचा पदर मुठीत धरून झोपायचा, पहिल्या पगारात तिच्यासाठी मऊ चपला आणल्या आणि त्या नेमक्या लहान निघाल्या. मधेच तिनं पाहिलं, तर नात झोपून गेली होती.

तिनं पोरीच्या अंगावर चादर ओढली, आवाज थोडा खाली आणला, आणि पुढचं सांगत राहिली.