शोभावहिनींची सूटकेस आणि आमची विमानं

रिमोटवरची विमानं उडवणाऱ्या माणसाला "किती वर्षं उडवता?" असं कधी विचारू नये. "किती पाडली?" असं विचारावं! नीट उडालेल्या विमानाबद्दल सांगण्यासारखं काही नसतंच. वर जातं, दोन चकरा मारतं, खाली येतं. संपलं! किस्से सगळे न उडालेल्या विमानांचे. आणि आमच्याकडे ते इतके साचलेत की घरचे आता ऐकत नाहीत. म्हणून तुम्हाला सांगतो.

आम्ही तिघं. मी बल्लारपुरात मोटर वाइंडिंगचं दुकान चालवतो. गेडाम सर शाळेत गणित शिकवतात. आणि प्रमोदभाऊ म्हणजे कोळसा खाणीतून रिटायर झालेले इलेक्ट्रिशियन. पण आपण रिटायर झालोय हे त्यांना अजून कुणी पटवून देऊ शकलेलं नाही.

धान कापून झालं, बांध्या मोकळ्या झाल्या की सावली गावाच्या अलीकडे एका ओळखीच्या शेतात आमचं विमानतळ सुरू होतं. घरून दीड तास गाडी हाकत जायचं, आठ मिनिटं उडवायचं, की बॅटरी खलास. शेतात लाइट नाही. पुन्हा दीड तास परत! गेडाम सरांनी एकदा हिशेब मांडून दाखवला, तेव्हा आम्ही त्यांच्याशी दोन दिवस बोललो नाही.

तेव्हा भाऊंनी जाहीर केलं, "आपण चार्जिंगची पेटी बनवू! मोठी बॅटरी, चार्जर, पंखा, मीटर, सगळं आतमंधी. हातात धरली का निघालो!"

०००

पेटीला पेटी हवी. भाऊंनी लाकडाची करून पाहिली, ती दोघांनाही उचलेना. पत्र्याची केली, तिला हात लावला की झटका. शेवटी त्यांची नजर माळ्यावरच्या मरून सूटकेसवर गेली. शोभावहिनींची, म्हणजे भाऊंच्या बायकोची, लग्नातली!

वहिनी बाजारात गेल्या होत्या. त्या येईपर्यंत भाऊंनी गरम सुरीने सूटकेसच्या बुडाला पंख्यासाठी गोल भोक पाडलं होतं.

मी म्हटलं, "भाऊ, वहिनींना विचारायला नको होतं का?"

"विचारलं असतं तं नाई म्हनली असती ना बे!"

हे बरोबरच होतं. वहिनी आल्या, सूटकेस पाहिली, भोक पाहिलं आणि भोकातून भाऊंकडे पाहिलं. त्या दिवशी आम्ही चहा न घेताच निघालो.

०००

पहिल्या दिवशी पेटी शेतात नेली. भाऊंनी ती दिमाखात खळ्याजवळ ठेवली, सावली पाहून. पंखा सुरू. मीटर सुरू. आम्ही टाळ्या वाजवल्या.

अर्ध्या तासाने झाकण उघडलं तर आत चार्जर दिसेना! पंख्याने खळ्यावरचा सगळा कोंडा ओढून घेतला होता. काठोकाठ!

शेताचे मालक कौतुकाने पाहत होते. म्हणाले, "भाऊ, धान उडवाची मशीन चांगली हाये. भाड्यानं देता का?"

०००

आता महत्त्वाचं. भाऊंचा मुलगा अक्षय. पोरगा सोन्यासारखा, नोकरीला आहे, पण लग्न जमेना. वहिनींना त्याची फार काळजी. एक चांगलं स्थळ घर पाहायला आलं. मुलीचे वडील, काका, आत्या, अशी पाचसहा मंडळी. मला आणि सरांना भाऊंनी शोभेला बोलावलं होतं.

पेटी आतल्या खोलीत दिवाणाखाली लपवलेली. पण तिच्यात एक बझर आहे. विमानाच्या बॅटरीत तीन सेल असतात. त्यातला एखादा सेल उतरला की बझर ओरडतो. पोहे आले आणि आतून सुरू झालं, टीं! टीं! टीं! टीं! थेट दवाखान्यातल्या मशीनसारखं!

मुलीच्या वडिलांनी पोहे खाली ठेवले. "आत कोनी बिमार हाये काय जी?"

भाऊ उठले, आत जाऊन पाहून आले आणि अगदी शांतपणे बसत म्हणाले, "काई नाई जी. दोन नंबरचा मरून राह्यला."

मुलीच्या आत्याने पदर तोंडाला लावला.

"बाकीचे दोघं ठणठणीत हायेत," भाऊंनी धीर दिला. "हा पहिल्यापासूनच कमजोर होता. आता फेकूनच द्या लागते!"

पाहुण्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. अक्षय एकुलता एक आहे हे सांगायला सर त्यांच्या गाडीमागे चौकापर्यंत पळत गेले. त्यामुळे त्यांचा आणखीच गैरसमज झाला!

त्या संध्याकाळी वहिनींनी आम्हा तिघांना ओळीत उभं केलं. "आता पोराचं आनखी एक स्थळ मोडलं ना, तं ही पेटी वैनगंगेत. अन् हिच्या मांगं तुम्ही तिघंई!"

आम्ही हसलो नाही. वहिनी बोलतात ते करतात.

०००

वैनगंगेवरून आठवलं. आमच्या भागात काही महाभाग बॅटरीचा करंट नदीत सोडून मासे धरतात. गुन्हा आहे तो. त्यामुळे पेटी, बॅटरी, लांब वायरी आणि लाल-काळे चिमटे असं सामान घेऊन तीन माणसं जंगलाच्या नाक्यावर आली, तर गार्डला काय वाटणार?

"मासोळ्या कुठी हायेत?" त्याने सरळच विचारलं.

"मासोळ्या नाई जी," भाऊ म्हणाले, "आमी यानं विमान चार्ज करतो."

"असं काय! मंग विमान कुठी हाये?"

भाऊंनी खाली मान घातली. "झाडावर हाये जी."

गार्ड खरोखर आमच्यासोबत तीन किलोमीटर आला. मोहाच्या शेंड्याला विमान लटकलेलं पाहून त्याने टोपी काढली आणि म्हणाला, "जा बापा. तुमच्यापेक्षा मासोळ्यावाले शाने."

०००

पेटीला मोबाइलही लागतो, हे गावात कळल्यावर एका रविवारी शेतात रांग लागली. आमची विमानं गवतात पडून होती आणि भाऊ गावभरचे फोन चार्ज करत होते. एक म्हातारी आली, तिने जुनी सेलवाली बॅटरी पुढे केली. हातात धरायची, उजेडाची.

सर म्हणाले, "बाई, ही यात चार्ज नाही होत."

म्हातारीने पेटीतली सगळी बटणं, मीटर, पंखा नीट पाहून घेतलं. "मंग एवढं काऊन मांडून बसले?"

 

०००

मग कुरखेड्याचं स्थळ आलं आणि जमलं! मुलगी प्रणाली. घरी धानाची शेती, सरळ माणसं. साक्षगंधाचा, म्हणजे साखरपुड्याचा, दिवस ठरला. आमच्याकडे साक्षगंधाला मुलाकडचे मुलीसाठी साड्या, बांगड्या, पावडर, सगळं सूटकेसमध्ये भरून नेतात. ती मांडवात सगळ्यांसमोर उघडायची आणि एकेक वस्तू वर धरून दाखवायची. सगळं पार पडलं की मुलगी सासऱ्याला 'मामाजी' म्हणायला लागते.

गाडीत सामान ठेवायचं काम माझ्याकडे होतं. "मरून सूटकेस ठेवजा," वहिनी म्हणाल्या. मी ठेवली. जड लागली. पेटी रिकामी करून वहिनींनी साड्या भरल्या असतील असं वाटलं. जरीच्या साड्या जड असतात असं ऐकून होतो. वहिनींच्या माहेरून तशा दोन सूटकेस जोडीने आल्या होत्या, हे मला कुणीही सांगितलेलं नव्हतं!

मांडव भरलेला. मुलीच्या मोठ्या मावशीने हळदकुंकू वाहून सूटकेस उघडली.

आत चार्जर, पंखा, मीटर! वहिनींनी भाऊंकडे पाहिलं, भाऊंनी सरांकडे, सरांनी माझ्याकडे. 

मावशी मात्र हार मानणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी लाल-काळे चिमटे उचलून वर धरले. "ह्या केसाच्या क्लिपा!"

बायांनी माना डोलावल्या. मोठ्या आहेत, पण असतील शहरात!

"हा पंखा. पावडर लावल्यावर घाम नाई आला पाह्यजे ना." मग त्या चार्जरवर आल्या. उलटा-सुलटा बघून म्हणाल्या, "अन् हा बारका टीव्ही!"

एवढं मात्र भाऊंना सहन झालं नाही. "टीव्ही नाई जी! चार्जर हाये तो! सहा सेलपर्यंत चालते!"

मुलीचे वडील उठून उभे राहिले. "हे काय होय, प्रमोदभाऊ? आमच्या पोरीची थट्टा लावली काय?"

अक्षय जमिनीकडे बघत होता. त्याच्याकडे बघवेना. वहिनींचे डोळे भरून आले होते. चूक माझी आहे हे सांगायला मी उठलो, पण भाऊ आधीच पेटीशी पोचले होते. "थट्टा नाई जी, पाहा तुम्ही, खरंच चालते!" त्यांनी बटण दाबलं. दिवा लागला आणि विझला. ही खोड तिला महिन्यापासून लागली होती. आम्ही तिघांनी तीनदा खोलून पाहिली होती, कुणाला काही सापडलं नव्हतं. भाऊंनी तिला एक थापड मारली. मग दुसरी. काही नाही.

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. मुलीच्या वडिलांनी चपला शोधायला सुरुवात केली. स्वतःच्याच घरी!

प्रणाली तोवर खाली मान घालून पाटावर बसली होती. घरचा फवारणीचा बॅटरीपंप बिघडला की तीच उघडते, हे आम्हाला नंतर कळलं. तिने हातातल्या बांगड्या मागे सारल्या, पुढे वाकली, आत बोट घातलं आणि एक वायर जरा दाबून धरली. मीटर पेटलं. पंखा फिरायला लागला. सगळा मांडव बघत होता.

सकाळपासून ती भाऊंना 'काका' म्हणत होती.

"मामाजी," ती म्हणाली, "ह्या काळ्या वायरचा टाका सुटून राह्यला. मी घरी आल्यावर मारून देईन. तवर थापडा नका मारू जी."