तीन नावांचा पेपर

सुनंदावहिनींचा, म्हणजे देवानंदसरांच्या बायकोचा, फोन आला तेव्हा मी वर्गात होते. कॉलेज नुकतंच उघडलं होतं, पोरं अजून सुट्टीच्या धुंदीत होती आणि मी फळ्यावर वर्तुळाचं समीकरण मांडत होते. टेबलावर फोन थरथरला. एरवी वर्गात मी फोन घेत नाही, पण नाव पाहिलं आणि बाहेर आले. "मॅडम, सर गेले," एवढंच त्या म्हणाल्या. पुढचं मला नीट ऐकू आलं नाही. आता जे लिहिते आहे ते अजून कुणाला सांगितलेलं नाही... वीस वर्षं शेजारच्या खुर्चीत बसलेला माणूस गेल्याची बातमी कानात शिरली आणि माझ्या डोक्यानं पहिल्यांदा काय मोजलं, तर मुदत. आमचा शोधनिबंधाचा पेपर दुरुस्त करून जर्नलला परत पाठवायला नऊ दिवस उरले होते. मग मी व्हरांड्याच्या कठड्याला धरून खाली बसले आणि रडले. पण मोजलं आधी, हे खरं आहे.

देवानंदसर सीमेपलीकडच्या तेलुगू राज्यातल्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे, मी गणित. त्यांचं गाव भीमपूरच्या पुढे, नदीकाठी. आईवडील दोघंही शेतमजूर. घरातला पहिला शिकलेला माणूस म्हणजे हे. आई लवकर गेली, तेव्हा तिच्या थोरल्या बहिणीनं, गिरजाबाईनं, त्यांना वाढवलं. आमच्याकडे आईच्या मोठ्या बहिणीला मोठी माय म्हणतात. सरांच्या बोलण्यात ही मोठी माय दिवसातून दहा वेळा यायची. मी आधी समजायचे, असतं एकेकाला आईचं वेड. पुढे कळलं की सरांना जाळ्यातल्या कोळ्यांचं, म्हणजे तिकडच्या भाषेत कातिनींचं जे वेड होतं, तेही मोठ्या मायकडूनच आलेलं होतं. जन्मभर लोकांच्या वावरात वाकून निंदण करणाऱ्या या बाईला कुठल्या पानाखाली कुठली कातीन बसते, ती कधी अंडी घालते, पिल्लं कधी उतरतात, सगळं तोंडपाठ. तिचं म्हणणं एकच होतं: धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, गवत उभं राहिलं तर कातिनी त्यात वाढतात आणि मग कपाशीत उतरून अळ्या खातात. गवत लवकर कापलं की कपाशीचा पहारा गेला. सरांनी ठरवलं, हे मोजून पाहायचं.

चार पावसाळे त्यांनी मोजलं. दर रविवारी गावाला जायचे. आठवडाभर मोठी माय आठ वावरांवर नजर ठेवायची आणि रविवारी ती सांगे, सर वहीत लिहीत आणि मग स्वतः ओळीत वाकून कातिनी मोजत. ती सांगेल तसंच लिहायचं, हा त्यांचा नियम. "पोळ्याच्या चार दिवस आंधी पाटलाच्या धुऱ्याचं गवत कापलं," असं ती म्हणाली की वहीत अगदी तेच. मी एकदा म्हटलं, "सर, तारखा तरी घाला." तर हसून म्हणाले, "मॅडम, तिनं पायलं, तिनं सांगतलं. आपन मधात काऊन तोंड घालाचं?"

मग पेपर लिहायची वेळ आली आणि माझी झोप उडाली. मुळात मी घाबरट. बँकेचा फॉर्मसुद्धा दोनदा भरून एक फाडणारी बाई. त्यात या जर्नलच्या सूचनाच बावीस पानांच्या. सारांश इतक्या शब्दांचा, तक्ते वेगळे, चित्रं वेगळी, संदर्भांत स्वल्पविराम कुठे आणि पूर्णविराम कुठे... सर मात्र मजेत. मराठीत विचार करायचे, कच्चं इंग्रजी लिहायचे आणि मी ते घासूनपुसून द्यायचे. हितसंबंधांचा संघर्ष आहे का, असा एक रकाना होता. ते म्हणाले, "माहा आन मोठ्या मायचा एकच झगडा हाय, चहात साखर किती टाकाची. लिवू का?" अख्खी स्टाफरूम हसली. आमचे तेलुगूचे सर रोज मधल्या सुट्टीत विचारायचे, "पेपर अयिंदा, मॅडम?" झाला का, झाला का, म्हणून. ते ऐकलं की मी त्या बावीस पानांच्या सूचना पुन्हा उघडून बसायचे.

लेखकांची नावं लिहिताना सरांनी तीन नावं घातली. पहिलं त्यांचं, दुसरं गिरजाबाईंचं, तिसरं माझं. संस्थेच्या रकान्यात तिच्यासमोर लिहिलं, शेतमजूर, मंडल भीमपूर; मंडल म्हणजे आमच्याकडचा तालुका. मी म्हटलं, "सर, हे चालेल का?" ते एरवी माझी चेष्टा करत, पण त्या दिवशी केली नाही. शांतपणे म्हणाले, "मॅडम, माहं नाव काढलं तरी हा पेपर राह्यते. तिचं काढलं तर काय राह्यते, सांगा बरं." आम्ही पेपर पाठवला.

पाच महिन्यांनी उत्तर आलं. नाकारला नव्हता, पण मोठ्या दुरुस्त्या होत्या. दोन तज्ज्ञांनी तपासला होता. एकाचं म्हणणं, पोळा म्हणजे कधी ते परदेशातल्या वाचकाला कळणार नाही, कॅलेंडरच्या तारखा द्या. दुसऱ्यानं लिहिलं होतं की दुसऱ्या लेखिकेचं शास्त्रीय योगदान स्पष्ट होत नाही, त्यांचं नाव आभारात घेण्याचा विचार करावा. साठ दिवसांची मुदत. आणि नेमकं त्याच आठवड्यात सरांच्या पायांवर सूज आली. मूत्रपिंडं दोन्ही निकामी. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, मग तीनदा. ते म्हणाले, "तुमीच करा आता, मॅडम. गनित तुमचंच हाय."

मी केलं. तारखांचं काम मला सोपं वाटलं. पोळा म्हणजे ऑगस्टचा शेवटचा आठवडा, असं धरून मी चारही वर्षांच्या नोंदी बदलून टाकल्या. नवा तक्ता सुबक दिसत होता. फक्त एक वर्ष, तिसरं, बसत नव्हतं. बाकी वर्षी ऑगस्टात गवत कापलं तिथं कपाशीत कातिनी कमी होत्या. त्या वर्षी गवत ऑगस्टअखेर कापलं गेलं, तरी कपाशीत कातिनी भरपूर. म्हणजे आमच्या म्हणण्याच्या उलटच. मी घाबरले, चार रात्री तळमळले आणि शेवटी खाली एक परिच्छेद जोडला, की त्या वर्षी पाऊस वेगळ्या तऱ्हेनं पडला म्हणून असं झालं असावं. आणि दुसरं केलं ते असं... गिरजाबाईंचं नाव मी वरून काढून आभारात टाकलं. मला कुणी जबरदस्ती केली नव्हती. तज्ज्ञानं नुसतं विचार करा म्हटलं होतं. पण पेपर परत आला तर सर खचतील, ते पाहायला राहतील की नाही, असल्या भीतीनं मी आधीच माघार घेतली. नंतर सांगू त्यांना, असं मनाशी म्हटलं.

दवाखान्यात गेले तेव्हा ते मशीनला जोडलेले होते. तोंड सुजलेलं, हात थंड. "तिघायची नावं हायेत ना, मॅडम?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "आहेत." ते म्हणाले, "मंग पाठवून द्या, थांबू नका." मी थांबले. प्रत्येक स्वल्पविराम पुन्हा तपासत राहिले, कारण पाठवा असं बटण दाबायला गेलं की ते "आहेत" आठवायचं. ही शेवटची भेट. त्यानंतर सहाव्या दिवशी ते गेले.

गावात सरांच्या पुण्यानुमोदनाचा, म्हणजे बौद्ध पद्धतीच्या श्रद्धांजलीचा, कार्यक्रम झाला, माणसं पांगली, तेव्हा मोठी माय माझ्याजवळ येऊन बसली. रडून रडून आवाज बसला होता. म्हणाली, "बाई, त्या कागदायचं काय झालं? तो मले सांगून गेला, मॅडम वाचून दाखवतीन म्हनून." कागद माझ्या पिशवीत होते. मुदतीला पाच दिवस होते. सुनंदावहिनी म्हणाल्या, "वाचा ना, तिले बरं वाटन." मी ओसरीवर बसून इंग्रजीतलं मराठीत करत वाचू लागले. ती मान हलवत होती. वावरांची नावं आली की मध्येच दुरुस्त करायची, "तो धुरा नाई, त्याच्या वरचा." मग तिसऱ्या वर्षाचा तक्ता आला. मी वाचलं, गवत कापलं, ऑगस्टचा शेवटचा आठवडा. ती थांबली.

"काऊन? ऑगस्टात कुठून कापलं?"

"पोळ्याला कापलं ना, मोठी माय. तूच सांगितलं होतंस."

"पोळ्यालेच कापलं. पन त्या साली दोन श्रावन आले होते नं वं. धोंड्याचा महिना होता. पोळा किती उशिरा आला, पंद्रा ऑगस्टचा झेंडा होऊन महिना होत आला तरी पोळा नाई!" मग माझ्याकडे पाहत म्हणाली, "तुह्या बापाघरी बैलं नाईत का?"

आहेत. बाजारहत्नूरला आमच्या घरी अजून एक जोडी आहे. लहानपणापासून पोळ्याला मी त्यांच्या शिंगांना रंग दिला आहे. अधिक महिना आला की पोळा पुढे सरकतो हे मला न कळायला मी काही परदेशातली वाचक नव्हते. आणि ही बाई, जिच्या घरी पोळा होत नाही, जी बुद्धविहारात जाते, तिला चार वर्षांचे चारही पोळे मुखपाठ, कारण ज्या वावरांत राबायचं ती पोळ्याच्या हिशेबानं चालतात. मी तिथंच पेन काढलं. त्या वर्षीचा पोळा सप्टेंबरच्या मध्यावर गेला होता. म्हणजे गवत तोवर उभं होतं, कातिनींची पिल्लं त्यातून केव्हाच कपाशीत उतरली होती. ज्या वर्षाला मी पावसाचं निमित्त लावून झाकत होते, तेच वर्ष तिच्या म्हणण्याचा सगळ्यात पक्का पुरावा होतं. दोन तज्ज्ञांना ते दिसलं नव्हतं, मला दिसलं नव्हतं. नाव कापलेल्या बाईला दिसलं.

माझ्याच्यानं मग राहवलं नाही. मी तिला सगळं सांगितलं. तिचं नाव मी काढलं आहे हे, आणि सरांनी विचारलं तेव्हा खोटं बोलले हेही. मला वाटलं ती म्हणेल, जाऊ दे पोरी. ती तसं म्हणाली नाही. बराच वेळ पदराची कड बोटाला गुंडाळत राहिली. "माह्या नावाचं मले काई नाई," ती म्हणाली. "पन तो मरत होता, आन तू त्याले खोटं सांगतलं." सुनंदावहिनी आत निघून गेल्या. थोड्या वेळानं मोठी मायच म्हणाली, "बस आता इथंच. नीट कर ते."

दोन दिवस मी त्या ओसरीवर बसून तक्ते नव्यानं केले. तिनं एकेक पोळा सांगितला, मी पंचांगाशी ताडून तारखा लावल्या. पावसाचा परिच्छेद खोडला. दुसऱ्या जागी तिचं नाव परत घातलं. तज्ज्ञाला उत्तरात लिहिलं, की आमच्या तक्त्यातली गंभीर चूक दुसऱ्या लेखिकेनं शोधली, तेव्हा योगदान स्पष्ट व्हावं. देवानंदसरांच्या नावापुढे, लेखक हयात नाही हे सांगणारं एक बारीक चिन्ह टाकावं लागतं. तेही टाकलं. शेवटी एक चौकट होती: सर्व लेखकांनी हा अंतिम मसुदा वाचून मान्य केला आहे का? संपादकांना मी खरं तेच लिहिलं. एकीनं वाचलेला नाही, ऐकून मान्य केला आहे. एकानं फक्त आधीचा मसुदा पाहिला होता, आणि आता त्यांना विचारता येत नाही. यावरून परत पाठवायचा तर पाठवा. मुदतीच्या आदल्या दिवशी, दुपारी, बटण दाबलं.

अजून उत्तर नाही. रोज सकाळी उठल्याउठल्या आधी मेल उघडते. मोठ्या मायचं नाव काढून टाका म्हणाले तर काय करायचं, हे मात्र आता ठरलेलं आहे. पेपर परत घेईन, दुसरीकडे पाठवीन. भीती गेलेली नाही, पण ह्या एका बाबतीत भीतीचं ऐकायचं नाही.

गेल्या रविवारी भीमपूरची बस धरून गावाला गेले. मोठी माय वावरातच होती. यंदाची वही कोरी होती. तिनं ती माझ्या हातात दिली आणि सांगू लागली, मी लिहू लागले. कपाशी गुडघ्याएवढी. धुऱ्यावरचं गवत उभं. मग मी पहिल्यांदाच स्वतः ओळीत वाकून कातिनी मोजल्या. कंबर मोडली, घाम डोळ्यांत गेला. "सात," मी म्हटलं आणि लिहिणार, तेवढ्यात तिनं वहीवर हात ठेवला.

"परत मोज. तो दोनदा मोजे."

मी पुन्हा वाकले. आठ निघाल्या.