कॅप्टनची दाढ आणि हसनभाईचा गाल

महाडात माझी बोट ज्याने पाहिली नाही असा माणूस तुम्हाला मिळायचा नाही. म्हणजे डोळ्यांनी कुणीच पाहिलेली नाही, ती होती तिकडे डेन्मार्क-नॉर्वेच्या पाण्यात. पण मी सांगून सांगून ती इतक्या वेळा आमच्या सावित्री नदीत आणून उभी केली आहे, की बाजारपेठेतला कुठलाही दुकानदार तुम्हाला तिचे मजले सांगेल. प्रत्येकाचा आकडा वेगळा येईल, कारण दर खेपेला मीच मजले चढवत गेलो. त्या बोटीवरचा एक तास मात्र मी आजपर्यंत कुणाच्या कानावर घातलेला नाही. बायकोच्याही नाही. आज तुम्हाला सांगायला बसलोय, आणि बघा — पहिलं वाक्यसुद्धा मी मजल्यांवरच घालवलं.

मी दातांचा डॉक्टर. दवाखाना महाडला, गुरुवारी पोलादपूरला. दोन हजार साल उलटून गेल्यावर आमच्या धंद्यात एक नवी टूम निघाली होती: शिकायचं आणि फिरायचं, एकाच तिकिटात. मुंबईच्या एका सहल कंपनीचं पत्रक आलं. सकाळी व्याख्यानं, दुपारी नॉर्वेच्या खाड्या, उतरताना हातात प्रमाणपत्र. मी घरात फार गंभीर चेहरा केला आणि म्हणालो, डॉक्टरचं शिक्षण कधी संपत नसतं. बायको भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मग त्या शिक्षणाला लोकरीचे मोजे किती लागतील तेवढं सांगा."

तर बोट. आता यात तिखटमीठ नाही: आमची अख्खी बाजारपेठ तिच्या पोटात मावली असती आणि वरच्या मजल्यावर बिरवाडीच्या कारखान्यांतल्या एका पाळीची माणसं पंगतीला बसली असती. बरं, थोडं आहे तिखटमीठ. पण व्याख्यानाची खोली कुठे होती म्हणता? अगदी खाली, जिथे खिडकी नाही. बाहेर जगातला सगळ्यात देखणा समुद्र चाललाय आणि आम्ही आत पडद्यावर लोकांच्या हिरड्या बघतोय. पहिले काही दिवस बसलो. इमानदारीत बसलो.

मग तो तास आला. शिकवायला एक वयस्क स्वीडिश बाई होत्या, काडीसारख्या सडसडीत. विषय होता तोंडातला कर्करोग सुरुवातीलाच कसा ओळखायचा. नुसतं बोलणं नव्हतं, त्या सगळ्यांना एकमेकांचं तोंड तपासायला लावणार होत्या. गालाच्या आतून, जिभेच्या कडेने, दाढांच्या मागच्या कोपऱ्यात — आधी डोळ्यांनी, मग बोटांनी, क्रम न चुकवता. आणि नेमकी त्याच वेळी बोट खाडीत शिरणार होती.

तुम्ही काय केलं असतं? नाही, हा प्रश्न मागे घेतो. मी काय केलं ते सांगतो. मी जिन्याने वर निघालो, आणि त्या बाई चित्रांचा डबा काखेत घेऊन खाली येत होत्या. समोरासमोर गाठ. मी पटकन पोटावर हात ठेवला आणि बोट लागल्यासारखं तोंड केलं. त्यांना इतकं वाईट वाटलं, की त्यांनी कोटाच्या खिशातून आल्याची साखरेत घोळलेली वडी काढून माझ्या हातावर ठेवली. ती चघळत मी वर जाऊन कठड्याला टेकलो. खाली, सहलीत ओळख झालेल्या साताऱ्याच्या एका डॉक्टर दोस्ताने हजेरीला माझ्या नावाचा हात वर केला.

आणि काय दिसलं म्हणून सांगू. दोन्ही बाजूंनी वरंध घाट थेट पाण्यातून उठून उभा राहिलाय असं समजा. कड्यांवरून धबधबे, आणि पाणी इतकं शांत की डोंगराला आपलं तोंड त्यात बघता यावं. माझे डोळे भरून आले. हे तिखटमीठ नाही.

परत आल्यावर मी गावाला जे सांगायला लागलो त्यात व्याख्यानं नव्हती. त्यात होती कॅप्टनची दाढ. म्हणजे असं, की भर समुद्रात कॅप्टनची अक्कलदाढ उठली, सात देशांचे डॉक्टर हात वर करून बसले, आणि मग महाडच्या पठ्ठ्याने सुकाणूशेजारी उभं राहून, बोट डोलत असताना, ती एका झटक्यात काढली. असला कॅप्टन मी लांबूनसुद्धा पाहिला नव्हता. पण गोष्ट अशी पळाली की पोलादपूरच्या व्यापाऱ्यांनी माझा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, माईक. माईक हातात आला आणि माझी जीभ सैल सुटली. त्या चुकवलेल्या तासाच्या पुस्तिकेची चार पानं मी गाडीत वाचली होती. त्यावर मी ठोकून दिलं, की तोंडातला कर्करोग आता आपल्या डॉक्टरच्या बोटाला कळतो, तंबाखू-गुटखा खाणाऱ्यांनी येऊन दाखवून जावं, परदेशातली विद्या घरात आली आहे. टाळ्या पडल्या.

मला तिथे गाडीने घेऊन गेला होता हसनभाई. तुडील गावचा. त्याचे दोन ट्रक औद्योगिक वसाहतीतला माल घाटावर न्यायचे, आणि दिवसभर फोन आणि सुपारी ही त्याची दोन कामं. थोरला मुलगा दुबईला, खाली एक मुलगी. माझ्या गोष्टींचं महाड तालुक्यातलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे हसनभाई. हसायला लागला की बाकावरचे पेशंट दचकायचे. येताना गाडीत म्हणाला, "डॉक्टर, ती दाढ पुन्हा काढा की एकदा. घर लांब हाय अजून."

गणपतीच्या सुमाराला तो दवाखान्यात आला. तुम्ही भाषणात बोललात म्हणून आलो, म्हणाला. "तिखट खाल्लं का आग होते तोंडात. आंबट पण चालत नाय. बघा जरा."

मी त्याला खुर्चीत घेतलं. दिवा ओढला. त्याने तोंड उघडलं — आता हळू सांगतो — त्याने तोंड उघडलं आणि मी दाढेची गोष्ट सुरू केली. या खेपेला कॅप्टनला मी दोन दाढा दिल्या. हात आपले नेहमीचं काम करत होते: आरसा आत, खालच्या दातांवरचा थर साफ, चूळ भरा. तो हसला. पण कसा हसला? ओठ मिटून, नाकातून. गोष्ट शिळी झाली, असं मला वाटलं. म्हणून मी तिसरी दाढ काढली.

त्याचं तोंड उघडतच नव्हतं. सुपारी खाणाऱ्याचा गाल आतून आखडत जातो, तोंडात तीन बोटं उभी मावेनाशी होतात, तिखट झोंबायला लागतं; कर्करोगाच्या वाटेवरच्या या खुणा. हे मला कॉलेजातही शिकवलं होतं, त्यासाठी नॉर्वेला जायची गरज नव्हती. मी गाल ताणून आत पाहिलं नाही. बोट फिरवलं नाही. लावायला मलम दिलं, गोळ्या दिल्या आणि म्हणालो, "काही नाही, हसनभाई. उष्णता आहे. सुपारी कमी करा."

"तुमी बघितलंत ना?"

"बघितलं की."

"मग झालं," असं म्हणून तो गेला.

दिवाळी उरकल्यावर तो पुन्हा आला. गालाच्या आत जखम होती, भरत नव्हती. या वेळी कॅप्टन आला नाही. मी गाल ताणून पाहिलं, बोट फिरवलं. त्याच दिवशी चिठ्ठी दिली: मुंबईला जा, परळच्या कर्करोगाच्या मोठ्या इस्पितळात, लगेच. पण हे मी कुठल्या आवाजात सांगितलं? ज्या आवाजात बोट सांगतो त्या आवाजात नाही. हळूच सांगितलं. कारण मोठ्याने सांगितलं असतं तर त्याने विचारलं असतं, इतकी घाई होती तर गणपतीत का नाय बोललात?

हसनभाईची बायको शरीफाभाभी दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आल्या. मुलीचा निकाह ठरला होता. दुबईच्या पोराला सुट्टी मिळाल्याशिवाय तारीख धरता येत नव्हती आणि सुट्टी नव्या वर्षात होती. आमच्याकडच्या या गावांत लग्नं पंचांग बघून किंवा चांद बघून ठरत नाहीत हो, दुबईचा मालक पोराला कधी सोडतो त्यावर ठरतात. बाप तोंडाला पट्टी बांधून मांडवात बसला तर सोयरे काय म्हणतील, पोरगा रजा टाकून परत कधी येणार? "निकाह होईस्तवर गोळ्यांवर चालंल का, डॉक्टर? मग लगेच नेतो," त्यांनी विचारलं. माझ्याकडे बघून विचारलं. नाही म्हणायचं काम माझं होतं. मी म्हणालो, "लवकर नेलेलं बरं." एवढंच. ते ना हो होतं, ना नाही.

निकाहला मी जेवून आलो. बिर्याणी उत्तम होती. हसनभाई पेज पीत होता.

नंतर परळला त्याचा खालचा अर्धा जबडा काढला, गालही गेला. घरी आणल्यावर मी तुडीलला भेटायला गेलो. ओटीवर सगळे बसलेले: मुलगा सुट्टी वाढवून थांबलेला, मुलगी सासरहून आलेली, भाभींचे थोरले भाऊ. भाऊ फटकळ माणूस. त्यांनी सरळ विचारलं, "डॉक्टर, एक सांगा. तुमी गणपतीत बघितलंत तवा हे होतं का?"

हसनभाईला बोलता येत नव्हतं. त्याने माझ्या आधी हात हलवला, नाही नाही म्हणून, आणि माझ्याकडे बोट दाखवलं. ते बोट काय म्हणत होतं हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला समजलं: हा माणूस बोटीवरून शिकून आलाय, याला दिसलं नाही म्हणजे नव्हतंच.

आणि मी म्हणालो, "तेव्हा नव्हतं."

इतकं छोटं वाक्य मी आयुष्यात बोललो नव्हतो. सजवलं नाही, वाढवलं नाही. तुम्हाला वाटेल खोटं बोलायची मला सवयच — पण माझं सगळं खोटं बोटीएवढं असायचं, ऐकणाऱ्यालाही ठाऊक असायचं. हे एकच असं होतं, की सगळ्यांना खरं वाटलं.

त्या वाक्याने मी सुटलो, पण ते हवेत राहिलं नाही. गणपतीत नव्हतं, दिवाळीनंतर होतं, मग वाढलं कधी? निकाहची वाट बघितली तेव्हा. थांबा कोण म्हणालं होतं? भावाने फक्त बहिणीकडे पाहिलं. शरीफाभाभींनी ओढणी पुढे घेतली आणि कप उचलून आत गेल्या. मुलगी जमिनीकडे बघत राहिली. ज्याच्यासाठी थांबले, तो निकाह तिचाच होता.

मी तेव्हाच उठून आत जायला हवं होतं. चहा पिऊन निघालो.

हसनभाई त्यानंतर काही वर्षं जगला. अस्पष्ट बोलायचा, पण मला कळायचं. दवाखान्यात यायचा, बाकावर बसायचा, नवीन पेशंट दिसला की मला खूण करायचा: सांगा यांना ती दाढ. मी सांगायचो. तो गेला तेव्हा कबरस्तानाच्या वाटेवर माणूस मावत नव्हता, आणि हेही वाढवून सांगत नाही.

मुलगी माहेरी येते, पण राहत नाही, असं ऐकतो. भाभी तिला राहा म्हणत नाहीत, असंही ऐकतो.

हसनभाई गेल्यानंतर, ते दशक संपता संपता, भाभी कवळीसाठी आल्या. मापासाठी तोंडात ओला लगदा भरतात, तो घट्ट होईपर्यंत पेशंटला गप्प बसावं लागतं. तो भरण्याआधी त्या सहज म्हणाल्या, जसं कुणी गुडघेदुखीचं सांगावं तसं, "मीच थांबवलं त्यांना, डॉक्टर. पोरीचं पार पडू दे म्हटलं. नायतर असते आज."

मी लगदा भरला. त्यांचं तोंड बंद, डोळे माझ्याकडे. खोलीत आम्ही दोघंच. त्यांना उत्तर देता आलं नसतं, ओरडता आलं नसतं, आणि मला एकच वाक्य बोलायचं होतं. मी काय बोललो? यंदा पाऊस लांबला, असं बोललो. मग लगदा घट्ट झाला, मी तो काढला. माप सुरेख आलं होतं. त्यांनी ओठ पुसले, दुवा दिली आणि तुडीलच्या एसटीला गेल्या.

गणपतीत होतं, भाभी. तेव्हाच होतं. मी बघितलं नव्हतं.