डाव्या कानाची खाच

कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीत सदनिका छत्तीस आणि कुत्री चार. मी सेक्रेटरी झालो तेव्हा सगळ्यांत जास्त तक्रारी पाण्याच्या असतील असं मला वाटलं होतं. पाणी दुसऱ्या नंबरावर निघालं.

नुकताच टेलिफोन खात्यातून निवृत्त झालो होतो. उभा जन्म लोकांच्या तक्रारी नोंदवून घेण्यात गेला होता, त्यामुळे तक्रार आली की तिला उत्तर गेलं पाहिजे ही सवय हाडात मुरलेली. कुत्र्यांबद्दलच्या तक्रारी रीतसर लिहून यायच्या. कोणाच्या स्कूटरचं सीट फाडलं, कोणाच्या नातीच्या मागे लागलं, कोणाला पहाटे फिरायला जाताना नुसतं बघितलं. ‘संशयास्पद नजरेने पाहते’ असं एकानं खरोखर लिहून दिलं होतं. चावलं मात्र कोणालाच नव्हतं. हे मी तेव्हाही जाणून होतो.

कुत्र्यांना खायला घालायच्या तळमजल्यावरच्या एक निवृत्त शिक्षिका. सगळे त्यांना बाईच म्हणत. एकट्या राहायच्या. सकाळी साडेसातला पंपाच्या खोलीमागे चार जुन्या ताटल्या मांडायच्या, खाऊन झालं की स्वतः विसळून ठेवायच्या. कागदाचा कपटा मागे राहायचा नाही. त्यांच्यावर आरोप करायला जागा नव्हती, म्हणून लोक त्यांच्यावर जास्तच चिडायचे.

त्या पंपाच्या खोलीला लागूनच वॉचमनची खोली होती. तो आणि त्याची बायको सोलापूरकडच्या एका खेड्यातून आलेले. ती चार घरची धुणीभांडी करायची. तो गेट सांभाळायचा, पाण्याचे व्हॉल्व्ह फिरवायचा, कोणाचा गॅस सिलिंडर तिसऱ्या मजल्यावर चढवायचा, कोणाच्या सासूबाईंचा हात धरून रिक्षात बसवायचा. यातलं अर्धं काम त्याचं नव्हतं, पण नाही म्हणायची त्याला सवय नव्हती.

अध्यक्षांच्या आग्रहावरून मी कार्पोरेशनकडे अर्ज केला. आठवड्याभरानं तिथले पशुवैद्यकीय अधिकारी स्वतः आले. तरुण होते. आल्या आल्या त्यांनी कुत्र्यांकडे पाहिलं, माझ्याकडे नंतर.

“काका, या चौघांचं ऑपरेशन झालेलंय. डाव्या कानाला खाच दिसतेय ना? ती आम्हीच करतो, ओळखायला. लसही टोचलेली असणार.”

“ते ठीक आहे. न्यायचं कधी?”

“न्यायचं नाही. तसा कायदाच नाही. ऑपरेशन करायचं, लस द्यायची आणि जिथून उचललं तिथंच आणून सोडायचं.”

“म्हणजे तुमची गाडी ही कुत्र्यांची रिक्षा म्हणायची. जाऊन-येऊन.”

“तसं समजा,” ते जराही न रागावता म्हणाले. “पण ऐका. ही चार आहेत म्हणून बाहेरची कुत्री तुमच्या गल्लीत शिरत नाहीत. यांना काढलंत तर जागा मोकळी पडत नाही, दुसरी येतात. ती कशी असतील ते मी सांगू शकत नाही. यांचं सांगू शकतो.”

मी बैठकीत हे जसंच्या तसं सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, “काम न करण्याची इतकी शास्त्रशुद्ध कारणं फक्त सरकारी माणसालाच सुचतात.” सगळे हसले. मीही हसलो. मी स्वतः सरकारी माणूस होतो, म्हणून जरा जास्तच मोठ्यानं हसलो.

दिवाळी झाल्यावर अध्यक्षांनी आपल्या ओळखीचा एक टेम्पो ठरवला. तो रोज मार्केट यार्डाला रिकामा जायचा आणि भाजी भरून परत यायचा. कुत्री तिकडे नेऊन सोडायची. “तिथं खायला कमी नाही. इथल्यापेक्षा सुखात राहतील,” अध्यक्ष म्हणाले. आम्ही चार कमिटी मेंबर माना डोलवत राहिलो. मिनिटबुकात काही लिहायचं नाही असं ठरलं, आणि आपण काय करतोय हे आम्हाला नेमकं कळत होतं याला तेवढा पुरावा पुरे आहे.

बाई बहिणीकडे नाशिकला गेलेल्या आठवड्यातला दिवस निवडला. कुत्री टेम्पोवाल्याला हात लावू देईनात. तेव्हा मी वॉचमनला बोलावलं.

“साहेब, गरीब हायती ती,” तो म्हणाला. “कुणाला काय करत न्हाईत. गेटवर मला सोबत असत्यात.”

“कमिटीचा निर्णय आहे.”

बिस्किटाचा पुडा फोडून तो टेम्पोत चढला आणि एकेकाला हाक मारली. तिघं उड्या मारून चढली. चौथी, तांबडी म्हातारी कुत्री, तिला उडी जमेना. तिला त्यानं उचलून आत ठेवलं. तिनं त्याचा हात चाटला. फळी बंद झाल्यावरही ती भुंकली नाहीत, गेटच्या दिशेनं नुसती बघत राहिली. उरलेली बिस्किटं त्यानं फळीच्या फटीतून आत टाकली.

बाई परत आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात.

“कुत्री कुठं आहेत?”

“कार्पोरेशनची गाडी आली असेल,” मी म्हणालो.

त्या तडक कार्पोरेशनच्या त्या कचेरीत गेल्या. तिथल्या रजिस्टरात आमच्या पत्त्यावरून कुत्री उचलल्याची नोंद नव्हती. बाईंनी लेखी तक्रार दिली, आणि ते तरुण अधिकारी पुन्हा आले. या वेळी त्यांच्या हातात कागद होता.

“काका, इथली कुत्री बेकायदा हलवल्याची तक्रार आहे. तुम्हाला याबद्दल काय माहिती आहे ते लेखी द्या.”

मी लिहून दिलं. अक्षर माझं पहिल्यापासून चांगलं. ‘सदर भटकी कुत्री स्वतःहून अन्यत्र गेली असावीत. याबाबत संस्थेस कोणतीही माहिती नाही.’ खाली सही, हुद्दा, शिक्का.

त्यांनी ते दोनदा वाचलं. गेटवर उभ्या असलेल्या वॉचमनकडे पाहिलं. त्याला विचारलं असतं तर तो खोटं बोलला नसता असं मला वाटतं. पण सेक्रेटरीनं शिक्क्यासकट लिहून दिल्यावर वॉचमनला कोण विचारतो! कागद फायलीत गेला, तक्रार निकाली निघाली. बाईंनी माझ्याशी बोलणं थांबवलं. जिन्यात समोर आलो की त्या भिंतीकडे सरकून मला वाट द्यायच्या. एखादी घाण चुकवावी तसं.

दीड-दोन महिने सोसायटी खूश होती. अध्यक्षांचा वाढदिवस झाला तेव्हा कोणीतरी भाषणात या ‘धडाडीच्या निर्णयाचा’ उल्लेख केला.

मग दुसरी आली. नदीकडून आली की नव्या बांधकामावरून, कोणास ठाऊक. एकदम सहा-सात. हाडकुळी, भेदरलेली, दगड दिसला की आधी दात विचकणारी. सगळ्यांचे कान शाबूत. आपसात अशी भांडायची की दुपारी झोप लागायची नाही. मी पुन्हा कार्पोरेशनला फोन लावला. फोनवर तेच अधिकारी होते.

“नोंद करतो. तुमच्या आधी बऱ्याच गल्ल्या आहेत. गाड्या थोड्या आहेत काका.” मग म्हणाले, “पहिली चार असती तर बरं झालं असतं, नाही का?”

मी फोन ठेवला. अध्यक्षांना सांगितलं, हा माणूस उद्धट आहे.

आमची पाळी यायच्या आधीच, एके सकाळी, कचऱ्याचा डबा बाहेर नेताना वॉचमनला कुत्रं चावलं. पोटरीवर, खोल. त्याच्या बायकोनं जखमेत हळद आणि चुना भरला. मी बघायला गेलो आणि तिला रागावलो, आधी साबणानं धू म्हणालो, त्याला दवाखान्यात पाठवलं. इतपत मी केलं, हे मी स्वतःला बरेच दिवस सांगत असे.

तो इंजेक्शन घेऊन आला आणि एक चिठ्ठी माझ्यापुढे धरली. “साहेब, वाचून बघा, काय लिवलंय.” पुढची इंजेक्शनं कोणत्या दिवशी ते लिहिलं होतं. आणि खाली, जखम खोल असल्यामुळे जखमेत टोचायचं वेगळं औषध मोठ्या रुग्णालयात घ्यावं, आजच जावं, असं होतं.

“आजच जायचंय,” मी म्हणालो.

“गेटवर कोन थांबंल?”

त्या दिवशी ड्रेनेजवाला यायचा होता. मी म्हणालो, “उद्या सकाळी जा.” दुसऱ्या दिवशी तो विचारायला आला नाही आणि मी आठवण केली नाही. तिसऱ्या दिवशीचं इंजेक्शन त्यानं घेतलं. सातव्या दिवशी टाकी धुवायची होती, खाली पाणी सोडायला-बंद करायला माणूस हवा होता. तो दारात आला, डोक्याला हात लावून म्हणाला, “साहेब, सुईचा दिस हाय.”

“एक दिवस पुढं-मागं चालतं,” मी म्हणालो.

चालतं की नाही हे मला माहीत नव्हतं. मी ते माहीत असल्यासारखं म्हणालो. एवढ्या वर्षांच्या नोकरीत तेच तर शिकलो होतो. पुढे जखम भरली. तो लंगडायचा थांबला. चिठ्ठी माझ्याच खणात राहिली होती.

उन्हाळा लागता लागता त्याची बायको आमच्याकडे आली. “दोन दिस झालं, पायात मुंग्या म्हन्त्यात. आज पानीच पिईनात. तांब्या बघितला की अंग चोरत्यात.”

मी खाली गेलो. तो भिंतीला टेकून बसला होता. मला बघून उठायला लागला, सवयीनं. मी पेला पुढे केला. त्याच्या गळ्याचे स्नायू असे आवळले की मी पेला मागे घेतला. तोच ओशाळला. “काय हुतंय कळंना साहेब. तहान तर लागलीया.”

कोपऱ्यात पंखा चालू होता. वारा अंगावर आला की तो दचकायचा. मी पंखा बंद केला. मला तेव्हाच कळलं होतं.

साथीच्या रोगांच्या रुग्णालयात नेलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, “इंजेक्शनं किती झाली?”

“दोन.”

“का?”

त्या माणसाला खरं उत्तर हवं होतं असं नाही, फक्त लिहून घ्यायचं होतं. मी म्हणालो, “त्यानं पुढे घेतली नाहीत.” डॉक्टरांनी तसं लिहिलं. म्हणजे दोष मेलेल्याचा ठरला, तो अजून मेला नव्हता तरी. तिसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. शेवटी त्याला बांधून ठेवावं लागलं होतं. मी आत गेलो नाही. त्याची बायको दाराबाहेर बसून होती. तिच्या हातात पाण्याची बाटली होती आणि ती तिनं पदराखाली झाकून धरली होती, त्याला चुकून दिसू नये म्हणून.

आठवड्याच्या आत कार्पोरेशनची गाडी आली, कोणतीही पाळी न पाहता. जाळ्या टाकून कुत्री धरली, आजूबाजूच्या गल्ल्यांतल्या कुत्र्यांना लस टोचली, चौकशी झाली. अधिकारी माझ्याजवळ येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता बोलतील. बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, “त्यांच्या बायकोला लस दिली का? लाळ लागली असेल. तुम्हीही घ्या.” मग खिशातून पेन काढून त्यांनी माझ्या समोर तारखा लिहिल्या, एकेक खुलासा करून, एखाद्या मुलाला समजवावं तसं. ती पाचही इंजेक्शनं मी वेळेवर घेतली. एकही दिवस पुढं-मागं नाही.

बैठकीत अध्यक्षांनी दोन मिनिटं शांतता पाळायला लावली. नंतर कार्पोरेशनच्या निष्काळजीपणाचा निषेध करणारा ठराव मांडला. बाई आयुष्यात पहिल्यांदा बैठकीला आल्या होत्या, मागच्या खुर्चीवर. त्या उठतील आणि सगळं सांगतील अशी मी वाट पाहत होतो. त्या उठल्या आणि निघून गेल्या. ठराव एकमताने मंजूर झाला. मी तो मिनिटबुकात लिहिला.

खोली रिकामी करायला त्याचा भाऊ टेम्पो घेऊन गावाहून आला. सामान ते किती, स्टोव्ह, दोन बोचकी, एक पत्र्याची पेटी. बायको सगळ्यांच्या दारात जाऊन निरोप घेत होती. ज्या घरांत तिनं भांडी घासली तिथं तिला साड्या मिळाल्या. आमच्या दारातही आली. माझ्या बायकोनं तिला कुंकू लावायला करंडा उचलला, मग लक्षात येऊन परत ठेवला.

ती मला म्हणाली, “साहेब, एक इचारू? ती टेम्पोत घालून नेलेली कुत्री असती तर ही दुसरी आली नसती, आसं ते म्हनायचे. खरं हाय का?”

मी टेलिफोन खात्यातला माणूस. प्रश्न आला की उत्तर गेलं पाहिजे.

“तसं काही सांगता येत नाही,” मी म्हणालो.

तिनं मान हलवली. “तुमी शिकलेली मानसं, तुमाला ठावं आसंल,” म्हणाली, आणि जिना उतरून गेली.