आप्पांच्या गळ्यातली सही

रूपचंद आप्पांची आणि डिजिटल सहीची पहिली भेट नंदुरबारला नवनीतच्या संगणकाच्या दुकानात झाली, तेव्हा ती बघायला सातपुडा दोन पावलं पुढे सरकला असावा. नवनीतने बोटभर लांबीचं डोंगल टेबलावर ठेवलं. आप्पांनी खुर्ची मागे घेतली, चष्मा पुसला, डोंगलाचा वास घेतला आणि बैलाचे दात बघावेत तसं टोपण काढून आत पाहिलं.

“हाईच शे का मन्ही सही?”

“हाईच आप्पा. आते समदं ऑनलाइन. हाई लावं तवयच निविदा भराई जाई.”

“इतलीशी? मन्हा नावना हाऊ अपमान शे!”

रनाळ्याच्या आप्पांना लोक ठेकेदार म्हणत. त्यांनी बांधलेल्या मोरीवरून म्हैससुद्धा विचार करून जायची. त्यांची खरी कला वेगळीच होती. निविदा कागदावर भरायच्या काळात सरकारी कार्यालयाच्या वऱ्हांड्यात कुलूपबंद पेटी असे. कोणतं काम कोणी घ्यायचं, याच्या ठेकेदारांनी आपसात पाळ्या ठरवलेल्या. बाहेरचा कोणी पाकीट घेऊन आलाच, तर त्याला पेटीपर्यंत पोचू न देणं हे आप्पांचं खातं. मारामारी नाही, फक्त नातं काढायचं. “तुमना गावले मन्हा साडूनी पोर देयेल शे,” असं म्हणत त्याला शेवभाजीच्या ताटावर बसवायचं. एका धुळेकराला तर त्यांनी डोंगरातल्या काठी गावची होळी दाखवायला नेलं. तो परतला तेव्हा पेटी उघडून, काम वाटून, पेढेही संपले होते. या लबाडीला आप्पा पाहुणचार म्हणत आणि वर छाती फुगवत.

आता धडगावच्या वसतिगृहाच्या कुंपणभिंतीचं काम निघालं आणि पाळी खुद्द आप्पांची आली. हातात दुसरं काम नव्हतं. हेही गेलं तर ठेकेदारी गुंडाळायची, असं सिंधुबाईंनी नवऱ्याला बजावलं होतं. आप्पांनी डोंगल काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातलं.

“मन्ही इतली काळजी कधी करी नही,” सिंधुबाई म्हणाल्या.

निविदा भरायच्या शेवटच्या दिवशी नवनीतने दुकानातून सगळी कागदपत्रं चढवली. सही तेवढी बाकी होती. आणि आप्पा? आप्पा सकाळच्या जीपने घाट चढून धडगावला गेले होते. पेटी आता संगणकात गेली, एवढं त्यांना कळलं होतं. मग तो संगणक कार्यालयातच असणार, आणि पेटी म्हटली की राखण आलीच. संगणकासमोरच्या बाकावर त्यांनी ठाण मांडलं.

“आप्पा, निविदा भरायला इथे कोणी येत नाही,” शिपाई वीरसिंगने सांगून पाहिलं.

“कोणी येई कसा? मी बठेल शे ना!”

दिवसभरात आप्पांनी एका तलाठ्याला, एका गुरुजींना आणि पाण्याचं यंत्र दुरुस्त करायला आलेल्या माणसाला निव्वळ संशयावरून चहा पाजला.

चार वाजून गेल्यावर नवनीतचा फोन आला.

“आप्पा, कोठे शेतस? पाच वाजता बंद व्हई!”

“धडगावले. पेटीजोगे बठेल शे. माशी बी जाऊ देयेल नही.”

“आनि डोंगल?”

“मन्हा गळामा. बेफिकीर ऱ्हाय.”

“आप्पा, तुमनी निविदा त्या डोंगलवरच अडकेल शे!”

आप्पांचा हात गळ्याशी गेला. घाट उतरून नंदुरबार गाठायचं तर तीन तास. त्यांनी वीरसिंगची हनुवटी धरली, त्याच्याशीही नातं काढलं आणि डोंगल समोरच्याच संगणकात खुपसायला लावलं. काहीच झालं नाही. तो संगणक सकाळपासून बंद होता. कारकून रजेवर होता.

काम बाहेरच्या एका ठेकेदाराला मिळालं. त्याने घरी बसून निविदा भरली होती. त्याला चहा पाजायचं राहून गेलं, याची हळहळ आप्पांना बरेच दिवस होती. पाळीचे सोबती आप्पांना ओळख द्यायचे बंद झाले. भिंत ठरल्या वेळी बांधून झाली. आप्पांच्या डिजिटल सहीची मुदत दोन वर्षांनी, एकदाही न वापरता, संपली.