अकरा दातांची चकरी घेऊन ठाण्याहून कल्याणास

आगगाडी असताना ठाण्याहून कल्याणास पायगाडीवरून जाणारा माणूस एक तर शहाणा नसतो, नाही तर त्याला तसंच काही कारण असतं. आमच्या बांधकाम खात्याच्या कचेरीत माझ्याबद्दल पहिलंच मत पडलं. पडेना का! मला कारण होतं.

माझी धाकटी बहीण यमू कल्याणास दिलेली. तिचे यजमान, आमचे मास्तर, सरकारी शाळेवर पंतोजी आहेत. मागच्या बदलीच्या गावी पायऱ्यांच्या तळ्याचं पाणी पिऊन त्यांच्या पायात नारूचा किडा झाला, आणि तो निघाला तरी डावा गुडघा कायमचा आखडला. आता बदली झाली ती मुरबाडच्या रस्त्यावर, कल्याणापासून तीन कोसांवर. तिथेही तसलंच तळं! बायकापोरांना घेऊन तिथे राहायचं नाही, हे मास्तरांनी ठरवलेलं. रोज चालत जायचं म्हटलं तर तो गुडघा अर्ध्या कोसातच बसतो. घोडं ठेवायचं तर पगार बारा रुपये. सोमवारी हजर व्हायचं होतं. रोज घरून शाळा गाठता आली तर ठीक, नाही तर राजीनामा द्यायचा आणि मग खायचं काय, हा प्रश्न होता.

उपाय मला सुचला, आणि त्याचा मला भारी अभिमान वाटला, हे कबूल करतो. विलायतेस परत जाणाऱ्या एका साहेबाकडून मी दोन वर्षांपूर्वी जुनी पायगाडी, म्हणजे बायसिकल, घेतली होती. दिवाळीच्या सुटीत मास्तर ठाण्यास आले, तेव्हा तळ्याकाठी मी त्यांना ती शिकवली. पडले, उठले, पागोटं दोनदा तळ्यात गेलं, पण शिकले. अडचण एकच राहिली. आखडलेला गुडघा पुरा फेरा घेईना. म्हणून मी डाव्या पायदांड्याला दोन बोटं आत नवं भोक पाडून घेतलं. फेरा लहान झाला खरा, पण जोरही तितकाच कमी पडू लागला, आणि जरा चढ आला की गाडी जागच्या जागी उभी!

पायगाडी घेऊ पाहणाऱ्यांनी इथे जरा लक्ष द्यावं. पुढच्या चकरीला अठरा दाते, मागच्या चाकाच्या चकरीला आठ, मधे साखळी. पायाच्या एका फेऱ्यात गाडी अकरा हात पळते. मागे दाते वाढवले की पळते कमी, पण चढते सहज. मी दोन संध्याकाळी पाटीवर गणित मांडलं आणि निर्णय दिला: मागे दहा दाते. फेऱ्याला पावणेनऊ हात. नऊ दाते म्हणजे जड, अकरा म्हणजे पोरखेळ. बाजारातल्या बाबू कासाराला सांगून पितळेची चकरी ओतून घेतली. त्याने शुक्रवारी संध्याकाळी स्वतः येऊन ती बसवूनही दिली.

शनिवारी पहाटे निघालो. सौभाग्यवतीने दशम्या आणि लिंबाचं लोणचं बांधून दिलं. सोबत पाना, तेलाची कुपी आणि जुनी आठ दातांची चकरी. कशेळीपर्यंत रस्ता उत्तम आहे, खडी नुकतीच दाबलेली (खातं आमचंच, तेव्हा अतिशयोक्ती समजू नये). पण माझे पाय काही केल्या ठिकाणावर येईनात! भराभर फिरताहेत, गाडी मात्र रमतगमत चाललेली. एक म्हातारा डोक्यावर गवताचा भारा घेऊन माझ्या बरोबरीने बराच वेळ चालला, वर "बरं हाय का?" म्हणून विचारून गेला.

कशेळीला खाडी तरीने, म्हणजे मोठ्या होडीतून, ओलांडावी लागते. पाटीवर माणसाचा, शेळीचा, बैलाचा आणि गाडीचा दर लिहिलेला. तरवाला आगरी बाप्या गाडीभोवती एक फेरी घालून म्हणाला, "बैल नाय, गाडी पन नाय. ह्याचा काय घेवाचा?"

"गाडीच आहे ती," मी म्हणालो.

"बैल खय हाय मंग?"

होडीत हशा पिकला. मी स्वतःकडे बोट दाखवलं तेव्हा आणखी पिकला. शेवटी शेळीच्या दराने निभावलं. जाणाऱ्यांनी आधीच शेळी म्हणावं, वाद वाचतो.

होडीत बसल्यावर सहज मागच्या चकरीकडे नजर गेली. दाते मोजले. अकरा. पुन्हा मोजले. अकराच! दोन संध्याकाळी गणित करणाऱ्या गृहस्थाने बसवलेली चकरी एकदा मोजून पाहिली नव्हती. मी बाबू कासाराच्या नावाने असा काही भडकलो की होडी डुलू लागली. "दहा सांगितले होते मी! दहा! कासाराला दहापर्यंत मोजता येत नाही?"

समोर मिठागरावर कामाला निघालेली एक बाई बसली होती, हातात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. ती शांतपणे म्हणाली, "कासाराकरशी घेतलाव ना? मंग वरची एक देनारच त्यो. मोजून दहा कासार कदी देल का? शकुनाचा असतंय त्या."

 बांगड्या भरताना कासार वर एक देतो, हे घरातल्या बायकांच्या हातांवर जन्मभर पाहत आलोय. नव्या कामाचा शकुन म्हणून बाबूने दाताही वर एक दिला होता. भांडायचं तरी कुणाशी?

भिवंडीत हातमागांच्या खटखटाटात एका देवळाच्या ओट्यावर दशम्या खाल्ल्या. विहिरीचं पाणी गोड आहे, पण पोहरा आपला न्यावा. पुढे कोन गावापर्यंत वाट खडबडीत, धूळ घोट्याएवढी. तिथे पुन्हा तरीची होडी, आणि पलीकडे दुर्गाडीच्या पायथ्याशी कल्याणचं बंदर. उन्हं कलायच्या आधी पोचलो. मास्तर उतारावर उभे होते, मागे यमू, तिच्या कडेवर धाकटा. तिघंही गाडीकडेच पाहत होती.

मी लगेच फर्मान काढलं. "मास्तर, कासाराने घोळ घातलाय. मी जुनी आठांची चकरी चढवतो, चढावर जरा जोर काढा. अकरांवर तुम्ही दुपारपर्यंत पोचाल शाळेत!"

"अण्णा, दोन्ही पाहू या की," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीच खाली असतो, त्यामुळे तो ऐकावा लागतो.

बंदरापासून गावात चढणारी वाट चांगलीच उभी आहे. आधी आठ दाते. मास्तरांनी धोतर आवळलं, निघाले, आणि वीस हातांवर गाडी थांबली. त्यांनी डावा पाय दाबला, दात-ओठ खाल्ले, आणि गाडीसकट आडवे झाले. धूळ झटकून पुन्हा बसले. पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदा त्यांचा चेहरा पांढरा पडलेला पाहिला नि मी धावत जाऊन गाडी सावरली. तरी तोंड काही स्वस्थ बसेना. "जोर कमी पडतोय तुमचा. आठांवर मी असे चढ सहज चढतो, हिशोबच आहे तसा."

 आता यमू पुढे आली. "अण्णा, हिशोब कुणाच्या पायाचा केलास?"

"म्हणजे?"

"तुझा पाय धडधाकट. तू तुझ्या पायाचा हिशोब केलास आणि जायचंय ह्यांनी."

 कपाळ माझं! पाटीवर पुढचे दाते होते, मागचे दाते होते, चाकाचा घेर होता. मास्तरांचा गुडघा त्यात कुठेच नव्हता. मुकाट्याने पाना काढला आणि अकरा दाते परत चढवले. मास्तर बसले. फेऱ्याला आठच हात, पण थांबले नाहीत. पाय भराभर फिरत होते, पागोटं हलत होतं, वाटेतल्या कोंबड्या ओरडत पळाल्या. वर पोचून ते वळले आणि एवढ्या मोठ्याने हसले की धाकटा घाबरून रडू लागला. यमूनेही पदराने डोळे पुसले. मीही पुसले, धूळ फार होती असं नाही.

रविवारी खरी परीक्षा. सूर्य उगवताना मास्तर निघाले, मागून मी भाड्याच्या छकड्यात. खुर्चीसारखा आराम मिळेल अशा आशेने कुणी हा छकडा करू नये, माझी हाडं अजून बोलतात. म्हारळपर्यंत मास्तर दिसत होते. वरप गावाच्या पुढचा चढ आला तेव्हा ते पुढे गेलेले, आणि मी दर वळणावर आडवी पडलेली पायगाडी शोधत होतो. गाडीवानाला म्हटलं, "हाक की जोरात!"

"मास्तर पुढं गेलं ते बरं नाही का जालं?" तो म्हणाला. बैल मात्र आपल्या चालीने चालले.

शाळेच्या ओसरीवर मास्तर सापडले. डावा पाय लांब केलेला, घरून आणलेल्या तांब्यातलं पाणी पीत होते. कुलूपबंद शाळेसमोर पाच-सहा मुलं गाडीभोवती गोळा झालेली.

"दुखतंय?" मी विचारलं.

"दुखतंय तर! पण अण्णा, मी येऊन बराच वेळ झाला. मुलांची नावंसुद्धा विचारून झाली."

परतताना त्यांनी मला मुद्दाम विचारलं, की गाडी कधीपर्यंत ठेवू. मी म्हणालो, राहू द्या. एवढंच बोलून मी छकड्यात तोंड फिरवून बसलो, कारण त्या गाडीवर माझा फार जीव होता. रात्रीच्या आगगाडीने ठाण्यास आलो. तिकिटाचे पैसे तरीच्या दोन्ही खेपांपेक्षा कमी पडले, हेही नोंदवून ठेवतो.

आता कचेरीत मी चालत जातो. पहिल्या आठवड्यात ते जिवावर आलं. रस्त्यात कुणी पायगाडीची चौकशी केली की मी भलताच विषय काढी. तिथे काय चाललं असेल, गुडघा साथ देत असेल का, या विचाराने जेवणात लक्ष नसे.

महिन्याने मास्तरांचं कार्ड आलं. एकही खाडा नाही, असं लिहिलं होतं. दिवे लागायच्या आत घरी पोचतो, मुलांना पाढे म्हणायला बसवतो, आणि मग संध्याकाळी बराच वेळ हाताशी राहतो, असंही होतं. कार्डाच्या तळाशी जागा सोडलेली होती. तिथे वेड्यावाकड्या, दाबून काढलेल्या अक्षरांत एक ओळ होती: "अण्णा हे मी लिहिले. यमू."

आमच्या घरातल्या कुठल्याही बाईच्या हातची ओळ मी आजवर वाचली नव्हती. ओट्यावर बसून ती मी पाच-सहा वेळा वाचली, सौभाग्यवतीला वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी कार्ड खिशात घालून कचेरीत नेलं आणि साहेबाखेरीज सगळ्यांना दाखवलं. दुपारनंतर राहवेना, तेव्हा साहेबालाही.